सांडपाण्याच्या कालव्यात आपला वाटा कोणता?

पुणे धरणाचे पाणी पिते आणि सांडपाणी मुळा-मुठेत सोडते. ही नदी दौंड तालुक्यातून पुढे जाऊन भीमेला मिळते. भीमेच्या एका काठाला दौंड, दुसऱ्याला शिरूर. मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी जुन्या बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचे, अशी योजना आहे. योजना वाईट नाही. या पाण्यातले नत्र, स्फुरद उसाला चालते. पण प्रक्रिया अर्धवट राहिली, तर तेच पाणी विहिरीत उतरते. कुरकुंभ, रांजणगावच्या कारखान्यांच्या पाण्याचे तर वेगळेच. जड धातू एकदा मातीत मुरले की निघत नाहीत.

पाणी सातबाऱ्यावर मिळते. शहराच्या गटारात उतरणाऱ्याचा सातबारा नाही, रात्री उसाला दारे धरणाऱ्या मजुराचाही नाही. घाणीत हात-पाय त्यांचेच! १९२७ साली महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. आज त्या पाण्यात काय आहे, हे विचारायला नको? दर महिन्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे. मजुराला गमबूट-हातमोजे मिळाले पाहिजेत, आणि कालव्याकाठच्या वस्तीला पिण्याचे पाणी वेगळ्या नळाने, तेही कालव्याला पाणी सोडण्याआधी.