पाणी ओसरल्यानंतरचे घर

परळला हिंदमाताच्या आसपास तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला पाऊस किती मिलिमीटर झाला हे विचारू नये. त्याची मापे निराळी असतात. पाऊल बुडाले, पोटरी बुडाली, पलंगाची फळी बुडाली. आमच्या खोलीने ही तिन्ही मापे पाहिली आहेत. तिसरे पाहिले ते २९ ऑगस्ट २०१७ रोजी. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने ३३१ मिलिमीटर पावसाची नोंद केली. आमच्याकडे ती नोंद भिंतीवर होती, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर.

आपल्या साहित्यात घर जाळल्याच्या कथा आहेत, पाणवठा नाकारल्याच्या आहेत, झोपडी पाडल्याच्या आहेत. पण पाण्यातून निघालेले घर पुन्हा राहण्याजोगे कसे करावे हे सहसा कुणी लिहीत नाही. तो बायाबापड्यांचा विषय, त्यात विचार कसला, असे मानण्याची खोड आपण पांढरपेशांकडून उचलली आहे. मी महापालिकेच्या शाळेत मास्तर होतो, इंजिनिअर नाही. जे केले, जे चुकले आणि नंतर जाणत्यांना विचारून जे कळले, तेवढेच येथे मांडतो.

आधी पाणी का येते ते पाहू. हिंदमाता हा बशीचा तळ आहे. दादर, नायगाव, परळ या तिन्ही अंगांनी उतार येथे येतो. ज्या रस्त्यावर हे पाणी तुंबते त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, हे जाता जाता. शहरातील जुन्या पर्जन्यवाहिन्या इंग्रजी अमदानीतल्या. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील, तोही ओहोटी असताना, एवढ्याच हिशेबाने बांधलेल्या. भरतीला समुद्रच नळांच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला, तासाला ५० मिलिमीटर हे नवे लक्ष्य ठरले. त्यानंतर बारा वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यातले पुष्कळसे काम कागदावरच होते. २०१७ नंतर परळ आणि दादरच्या मैदानांखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या. त्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारणार नाही. पण पलंगाच्या पायांखालच्या विटा आमच्याकडे कुणी काढलेल्या नाहीत.

पाणी उतरल्यावर पहिली चूक विजेची होते. अंधार असतो, घाबरलेला माणूस बटण दाबतो. जिन्याखालचे मीटर आणि खोलीतले खालचे प्लग भिजलेले असतील तर मेन स्विच बंदच ठेवावा आणि बेस्टचा माणूस किंवा ओळखीचा वायरमन पाहून जाईपर्यंत मेणबत्तीवर दिवस काढावेत. मेन स्विचला हात लावायचा तोही कोरड्या जागी उभे राहून. फ्रिज आणि मिक्सर वरून कोरडे दिसले तरी मोटारीत पाणी असते.

दुसरी चूक म्हणजे लगेच झाडू हातात घेणे. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, गाद्यांचे, धान्याच्या डब्यांचे फोटो काढावेत आणि पंचनाम्याचा अर्ज द्यावा. पंचनाम्याने फार मिळते असे नाही. कपडे आणि भांडी यांच्यासाठी सरकारी मदत असते. पण घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे, अशी तिची अट. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात याच अटीवरून ओरड झाली. नदीकाठी निदान ती अट पुरी तरी होऊ शकते. हिंदमाताचे पाणी ओहोटी लागली की सहा-आठ तासांत उतरते. गादी, पीठ, वह्या, सगळे घेऊन उतरते. मग आम्ही बुडालो की नाही? बुडालो, पण नियमात बसेल इतके नाही. तरीही अर्जाची पोच घ्यावी. ती पुढे कोठे उपयोगी पडते ते सांगतो.

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की लादीला धरून बसतो. हे पाणी निव्वळ पावसाचे नसते. गटार आणि उंदरांचे मूत त्यात मिसळलेले असते. २००५ मध्ये पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. म्हणून पायात गमबूट, हातात रबरी मोजे आणि पाण्यातून चालून आल्यावर तीन दिवसांच्या आत दवाखान्यात दाखवणे, एवढे करावेच. आधी स्वच्छ पाण्याने धुवावे, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. ब्लीचिंगमध्ये संडासाचे ॲसिड मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो जायला जागा नसते. भिजलेले धान्य आणि कापसाची गादी टाकून द्यावी. जीव तुटतो, पण टाकावी.

गाळ काढण्याचे काम मात्र सर्वांसाठी सारखे नसते. आमच्या तळमजल्यावरचा एक शेजारी सफाई खात्यात. २९ ऑगस्टच्या त्या रात्री तो उघड्या मॅनहोलशेजारी काठी रोवून उभा होता, कुणी आत जाऊ नये म्हणून. त्याच दिवशी प्रभादेवीच्या बाजूला शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पहाटे हा घरी आला तेव्हा त्याची स्वतःची खोली गुडघाभर भरलेली होती. सकाळी तुंबलेल्या सामाईक संडासाचा प्रश्न निघाला. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यातूनच म्हणाले, “मास्तर, तुमच्यातली दोन पोरं लावा की. तासाभरात मोकळं होईल. त्यांना सवय असते.”

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. हाताने मैला काढायला लावण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. जिन्यातून दिलेल्या सल्ल्याविरुद्ध कायदा नाही. मी म्हणालो, “संडास बारा खोल्यांचा आहे काका. प्रत्येक खोलीतून एक माणूस येऊ द्या. तुमच्याकडून तुम्ही या.” काका नाकाला रुमाल बांधून आले. शेजारी रात्रभर उभा होता, त्याला आम्ही झोपायला पाठवले.

भिंतींच्या बाबतीत मी घाई केली आणि पैसे घालवले. पाणी उतरल्यावर तीन आठवड्यांत ऑइलपेंट मारला; दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे सुटले. कारण साधे आहे. भिंत केशाकर्षणाने पाणी वर ओढते, म्हणून ओल पुराच्या रेषेच्याही हात-दीड हात वर चढते. ती बाहेर पडताना भिंतीतला क्षार सोबत आणते. यालाच लोणा लागला म्हणतात. ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा वरून थापला की ओल आत कोंडते आणि क्षार रंगाला आतून ढकलतो. म्हणून फुगलेला गिलावा खरवडावा, आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा (धुऊ नये, धुतला तर तो पुन्हा आत जातो), खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा लावावा आणि थंडी येऊन जाऊ द्यावी. मग नुसता चुना. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. सागवानी सामान सावलीत वाळले तर टिकते. प्लायवूडचा नाद सोडावा.

आता कागदांविषयी. येथे थोडा थांबतो, कारण पंचनाम्यात भांड्यांना जागा असते, कागदांना नसते. आणि आमच्यासारख्या घरात भांड्यांपेक्षा कागद महाग असतो. परळच्याच बी. आय. टी. चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांनी पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. आमच्याकडे ग्रंथ थोडे. पण लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, म्हणजे नेमके नको तेथे, एक पिशवी होती. जुन्या भाडेपावत्या, वडिलांचे गिरणीचे कार्ड, ‘प्रबुद्ध भारत’चे काही अंक, आईचा एकुलता एक फोटो आणि वडिलांचा १९४६ चा शाळा सोडल्याचा दाखला. जातीच्या रकान्यात ‘महार’.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला वडिलांनी हा शब्द टाकला आणि परत कधी उच्चारला नाही. तरी तो दाखला त्यांनी साठ वर्षे जपला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये केंद्रानेही मान्यता दिली; पण दाखला काढताना मूळ जात सिद्ध करावी लागते आणि कागद १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असेल तर काम सरळ होते. जो शब्द घराबाहेर काढला, तोच पाण्यात बुडू नये म्हणून आम्ही गाळात हात घालून शोधत होतो. याला काय म्हणावे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

भिजलेला कागद लगेच उलगडू नये, तो फाटतो. उन्हात टाकू नये, इस्त्री करू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी येते. तेवढ्यात सगळे वाळवणे शक्य नसेल तर गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कपाटात ठेवावेत. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही. नंतर थोडे थोडे काढून, मध्ये कोरा शोषकागद घालून पंख्याखाली वाळवावेत. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर कोरडे होऊ देऊ नयेत. थंड स्वच्छ पाण्यात ठेवले की हळूहळू सुटतात, मग चित्राची बाजू वर करून सुकवावेत. हे ज्ञान फार जुने नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली, देशोदेशींच्या तरुणांनी चिखलातून पुस्तके हातोहात वर काढली, आणि कागद वाचवण्याचे आजचे शास्त्र बरेचसे त्या कामातून वाढले. आमचे गठ्ठे कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये, कुल्फीच्या शेजारी, नऊ दिवस राहिले. त्याने भाडे घेतले नाही.

दाखला वाचला, पण अर्धाच. जुन्या निळ्या-काळ्या शाईचे अक्षर पाण्यात टिकते. रबरी शिक्क्याची जांभळी शाई पसरते. जातीचा शब्द ठळक राहिला आणि शाळेचा शिक्का धुऊन गेला. नातीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी तो घेऊन गेलो तेव्हा एका कार्यालयातल्या कारकुनाने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “शिक्का नाही. हा कुणीही लिहू शकेल.” पुराची गोष्ट सांगितली. त्याने पुरावा मागितला. मी पंचनाम्याच्या अर्जाची पोच पुढे केली. तिच्यावर शिक्का होता. त्याने ती फाईलला लावली, पण मूळ शाळेचा उतारा आणा म्हणाला.

ज्यांचे असे कागद गेले त्यांनी खचू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून प्रवेश-निर्गमाचा उतारा मिळतो. तहसील कार्यालयात गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, त्यांत जातही असते. मी सातारा जिल्ह्यातल्या गावी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी रजिस्टर सापडले. हेडमास्तरीणबाईंनी बोटाने ओळ दाखवली. वडिलांच्या नावापुढे, “सोडण्याचे कारण” या रकान्यात, कुणीतरी लिहिले होते, “मुंबईस गेला.”

उतारा आणि धुतलेला दाखला आता पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर आहेत. मे महिन्याच्या अखेरीस ट्रंक खाली उतरवतो, कागद वाऱ्याला लावतो, झेरॉक्सचा एक संच वरच्या मजल्यावर काकांकडे ठेवतो. त्यांच्याकडे पाणी पोचत नाही.