मनोविकार आणि मेंदूतील श्वेत द्रव्य : एक आकलन

प्रस्तावना :
मनोविकार हा मनाचा आजार की शरीराचा, हा प्रश्न जुना आहे. मोहोपाडा परिसरापासून फार दूर नसलेल्या कर्जत येथे तो केवळ पुस्तकी राहत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोहोचविणारी ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ मध्ये स्थापन केली. तिचे कर्जत येथील केंद्र २००६ मध्ये सुरू झाले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला. घरातील माणूस भरकटला की ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘संस्कारांचा अभाव’ अशी कारणे शोधली जातात. या पार्श्वभूमीवर मेंदूविज्ञान काय सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्वेत द्रव्याचे स्वरूप :
मेंदूच्या करड्या द्रव्यात प्रामुख्याने चेतापेशींच्या पेशीकाया असतात. या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या लांब तंतूंचे जुडगे म्हणजे श्वेत द्रव्य होय. तंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणामुळे त्याला पांढरा रंग येतो व संदेशवहनाचा वेग वाढतो. कर्जत जंक्शनचे उदाहरण घेता येईल. स्थानके सुस्थितीत असली तरी रुळांत दोष असेल, तर गाड्यांचे वेळापत्रक कोलमडते. श्वेत द्रव्याचा विकास पौगंडावस्थेनंतरही चालू राहतो आणि अनेक गंभीर मनोविकारांचा प्रारंभही तारुण्यातच होतो, ही बाब लक्षणीय आहे.

संशोधनातील निष्पत्ती :
१९९४ मध्ये पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी ‘डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग’ हे तंत्र मांडले. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने अधिक सहज सरकतात. या दिशात्मकतेचे मापन शून्य ते एक या निर्देशांकात केले जाते. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१८ मधील अभ्यासात छिन्नमनस्कतेचे १,९६३ रुग्ण व २,३५९ निरोगी व्यक्ती यांची तुलना करण्यात आली. २५ पैकी २० भागांत रुग्णांचा निर्देशांक कमी आढळला. दोन्ही गोलार्धांना जोडणारा महासंयोजी पिंड त्यांपैकी एक होय. २०१९ मधील अभ्यासात द्विध्रुवीय विकारातही असे बदल दिसले. मात्र लिथियम घेणाऱ्या रुग्णांत निर्देशांक तुलनेने अधिक होता. नैराश्यग्रस्त प्रौढांत हे बदल सौम्य होते.

मर्यादा :
ही तफावत गटांच्या सरासरीतील आहे. रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची मापे मोठ्या प्रमाणावर परस्परांत मिसळतात. त्यामुळे एका व्यक्तीच्या प्रतिमेवरून छिन्नमनस्कतेचे निदान करता येत नाही. तसेच निर्देशांक कमी होण्यामागे मायलिनची हानी, तंतूंची रचना किंवा तंतूंभोवतालचे पाणी यांपैकी कोणतेही कारण असू शकते. हे बदल आजाराचे कारण की परिणाम, याचाही निर्णय केवळ अशा तुलनेवरून होत नाही. म्हणूनच ‘एमआरआय’ निर्दोष आला म्हणजे रुग्ण सोंग करतो, असा अर्थ काढणे सर्वथा चुकीचे आहे. अन्य शारीरिक आजार वगळण्यासाठी ही तपासणी उपयुक्त ठरते. निदान मात्र मुलाखत, लक्षणे व पूर्वेतिहास यांवरच आधारलेले असते.

निष्कर्ष :
मनोविकाराला मेंदूतील आधार आहे. तो रुग्णाचा वा कुटुंबाचा नैतिक दोष नव्हे. त्याचबरोबर मेंदूत बदल आढळणे म्हणजे आजार असाध्य असणे, असेही नव्हे. योग्य उपचारांनंतर घरी परतलेले रुग्ण हेच त्याचे प्रमाण होय. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार भटकणाऱ्या मनोरुग्णास संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मोहोपाडा व लगतच्या वाड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास उपचारापूर्वी वाया जाणारा काळ कमी होईल आणि रस्त्यावर येण्यापूर्वीच एखादा माणूस घरात सावरला जाईल, असे प्रतिपादन येथे करावेसे वाटते.