बंदीची झळ कोणाला?

अमेरिकेंत महाविद्यालयीन बर्फावरील हॉकीचा हंगाम १६ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेनें संपतो. सेंट पॉल शहरांतलें सेंट थॉमस विद्यापीठ २०२१ सालीं तिसऱ्या श्रेणींतून थेट पहिल्या श्रेणींत चढलें. अपराध एवढाच, पण त्यापायीं या स्पर्धेचें दार पांच वर्षें बंद! तिजोरीला याची झळ थोडी, कारण पुरुषांच्या बास्केटबॉलप्रमाणें सामन्यागणिक वांटा येथें मिळतच नाहीं. खरें भय घरच्या प्रेक्षागाराचें. ज्या विजयानें पुढली पायरी चढतां येत नाहीं, तो पाहण्यास मिनेसोटाच्या थंडींत माणसानें कां यावें? तरी मार्च २०२५ मध्यें हा संघ आपल्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. जिंकला असता, तरी राष्ट्रीय स्पर्धेंत त्याला जागा नव्हती. जानेवारींतच मुदत एका वर्षानें घटली होती. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना मात्र त्याचा उपयोग नव्हता.