बधिरांधांसाठी प्रादेशिक साहाय्य आणि व्यावसायिक पुनर्वसन

दृष्टी आणि श्रवण या दोन्ही क्षमता एकाच वेळी बाधित होणे म्हणजे बधिरांधत्व. अंध व्यक्तीला कानांचा, कर्णबधिराला डोळ्यांचा आधार असतो. इथे दोन्ही आधार अपुरे पडतात, म्हणून पुनर्वसनाची पद्धतही वेगळी लागते.

अमेरिकेत १९६७च्या कायद्यान्वये हेलन केलर राष्ट्रीय केंद्राची तरतूद झाली. न्यूयॉर्क राज्यातील सँड्स पॉइंट येथे त्याचे मुख्यालय आहे. केंद्राचे प्रादेशिक प्रतिनिधी आपापल्या भागातील बधिरांधांना व त्यांच्या कुटुंबीयांना सल्ला देतात आणि राज्याच्या पुनर्वसन विभागाशी जोडून देतात.

मुख्यालयातील प्रशिक्षणात स्पर्शाने समजणारी खुणांची भाषा, ब्रेल, पांढऱ्या काठीच्या साहाय्याने फिरणे, घरकाम आणि ब्रेलपट्टी जोडलेला संगणक वापरणे शिकवतात. त्यानंतर कल व कौशल्य पाहून प्रत्यक्ष कामाचा सराव दिला जातो. नोकरी लागताना कामाच्या जागी कोणते बदल हवेत, हे मालकाला सुचवले जाते. उदाहरणार्थ, धोक्याची घंटा कंपनातून कळवणारे उपकरण.

रोजच्या व्यवहारात प्रशिक्षित साहाय्यक वाट दाखवतो व भोवतालची माहिती पुरवतो. निर्णय मात्र बधिरांध व्यक्ती स्वतःच घेते.