जमीनमालक मरण पावल्यास भूसंपादनाचा मोबदला कोणाच्या हाती?

नवी दिल्ली : भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून निवाडा होईपर्यंत जमिनीचा मालक हयात राहीलच, याची शाश्वती नसते. दिल्लीच्या नियोजित विकासासाठी १३ नोव्हेंबर १९५९ रोजी ३४,०७० एकर जमिनीची अधिसूचना काढण्यात आली. त्यांपैकी काही जमिनींचे निवाडे १९८० नंतर झाले. या दिरंगाईची दखल सर्वोच्च न्यायालयानेही राम चंद प्रकरणात घेतली. एवढ्या काळात एक पिढी सरते आणि मोबदला स्वीकारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो.

मृताच्या मिळकतीवर न्यायालयाने प्रशासक नेमला असेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २११ नुसार तोच मृताचा कायदेशीर प्रतिनिधी ठरतो आणि मिळकत त्याच्याकडे निहित होते. एकत्र हिंदू कुटुंबात उत्तरजीवित्वाने संक्रमित होणारा हिस्सा मात्र यातून वगळलेला आहे. निवाड्यानंतर मालकाचा मृत्यू झाल्यास मोबदला हे शासनाकडून येणे असलेले ऋण ठरते व मालकाप्रमाणेच त्याची वसुली करण्याचा अधिकार कलम ३०५ प्रशासकाला देते. मृत्यू निवाड्यापूर्वी झाला असल्यास प्रशासक स्वतःच ‘हितसंबंधित व्यक्ती’ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांपुढे दावा मांडू शकतो. या संज्ञेचा अर्थ व्यापक असून जमिनीवर नव्हे, तर केवळ मोबदल्यावर हक्क सांगणाराही तिच्यात मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरलाल विरुद्ध परमसुखदास प्रकरणात स्पष्ट केले आहे.

खरी अडचण पुढे येते. कलम ३०७ नुसार न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रशासकाला स्थावर मिळकत विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. दुसरीकडे, २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ७७ सांगते की, जमीन हस्तांतरित करण्यास सक्षम व्यक्ती नसल्यास, अथवा हक्काबाबत वा वाटणीबाबत वाद असल्यास रक्कम संबंधित प्राधिकरणाकडे जमा करावी. संपादन ही विक्री नव्हे, असा युक्तिवाद प्रशासकाला करता येतो. तथापि वारसांपैकी एकाने जरी हरकत घेतली, तरी रक्कम अडकू शकते. हस्तांतराचा अधिकार नसलेल्याची जमीन असल्यास कलम ७८ नुसार तो पैसा दुसऱ्या जमिनीत किंवा सरकारी रोख्यांत गुंतवला जातो. म्हणूनच प्रशासनपत्र देणाऱ्या न्यायालयाकडून मोबदला स्वीकारण्याची स्पष्ट परवानगी आधीच घेणे श्रेयस्कर.

केवळ महसुली नोंदीवर विसंबणेही धोक्याचे आहे. महाराष्ट्रातील फेरफार, उत्तर प्रदेशातील दाखिल-खारिज आणि हरियाणातील इंतकाल यांपैकी कोणतीही नोंद मालकी हक्क निर्माण करीत नाही.

मोबदला अपुरा वाटल्यास कलम ६४ खाली अर्ज करण्याची मुदत तोकडी आहे. निवाड्याच्या वेळी उपस्थित असणाऱ्यास सहा आठवडे मिळतात. इतरांसाठी नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. पुरेसे कारण दाखविल्यास जिल्हाधिकारी आणखी एका वर्षापर्यंत अर्ज स्वीकारू शकतात. प्रशासनपत्राचा परिणाम कलम २२० नुसार मृत्यूच्या क्षणापासून गणला जात असला, तरी ही मुदत त्यामुळे आपोआप थांबत नाही.

रक्कम हाती आल्यावरही ती प्रशासकाची होत नाही. मृताची देणी फेडून उरलेली रक्कम वारसांना द्यावी लागते, सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. दावा प्रलंबित असताना नेमलेल्या प्रशासकाला तर वाटपाचा अधिकारच नसतो.