ओलितासाठी इंजिन, मोटार की सौरपंप?

इस्लापूर परिसरात ओलितासाठी कोठे डिझेलचे इंजिन, कोठे विजेची मोटार, तर कोठे सौरपंप वापरला जातो. इंजिन हवा बिघडविते व मोटार मात्र स्वच्छ, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे हिशेबाने पाहू.

५ अश्वशक्तीचा पंप १ तास पूर्ण भाराने चालविला, तर इंजिनास सुमारे सव्वा लिटर डिझेल लागते. १ लिटर डिझेल जळाल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. म्हणजे तासाला तीन किलोहून थोडा अधिक वायू हवेत जातो.

त्याच कामासाठी मोटारीस सुमारे साडेचार युनिट वीज लागते. आपली बरीचशी वीज अद्याप कोळशापासून तयार होते. देशातील सरासरीने युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू धरला, तर येथेही तासाला तीन किलोच्या वर आकडा जातो. मोटार धूर नाहीसा करीत नाही. तो विहिरीवरून परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यात जातो, इतकेच.

तथापि, धूर कोठे निघतो यालाही महत्त्व आहे. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. सांडलेले तेल पाणी व माती नासविते. विहिरीत उतरवून इंजिन कदापि चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेतो.

सौरपंपास चालताना इंधन लागत नाही व धूरही होत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठरविण्यात आला. आपल्या भागातील आदिवासी बांधवांना ही सवलत विशेष उपयोगाची आहे.

मात्र ऊन फुकट म्हणून पाणी वाटेल तितके उपसल्यास विहीर उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठील. ज्यांना इंजिन वा मोटारच वापरावयाची आहे, त्यांनी फुटव्हॉल्व्ह स्वच्छ ठेवावा, नळातील गळती बंद करावी व ठिबक सिंचनाचा अवलंब करावा. पंपाचा वाचलेला प्रत्येक तास हवेतील तीन किलो वायू, खिशातील पैसा आणि विहिरीतील पाणी वाचवितो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यांस विहिरीवर जाऊन समजावून द्यावा.