गाडी घेतली, पण नावावर कोणाच्या?

मे महिना संपत आला की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वेगळाच सीझन सुरू होतो. फायनल इयरवाले गाशा गुंडाळायच्या तयारीत असतात आणि बाइकचे फोटो धडाधड पडायला लागतात. ‘फर्स्ट ओनर, कंडिशन ए-वन, काही काम नाही, अर्जंट सेल’. दोन दिवसांत सौदा होतो, चावी हातात येते, कटिंग चहा होतो आणि ज्युनिअर खूश! पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. एमएच १९, एमएच २४, एमएच २६ अशा नंबरांच्या कितीतरी गाड्या दिसतील. जळगाव, लातूर, नांदेडहून आलेल्या या गाड्यांवर आज जो बसतो, त्याचं नाव आरसीवर असेलच असं नाही. कधी ते दोन बॅच आधीच्या सीनिअरचं असतं, कधी त्याच्या वडिलांचं.

बाइक घ्यायची म्हटलं की आपण सीसी, पिकअप आणि लूक्स यांवर तासन्‌तास बोलतो. पण गाडी खऱ्या अर्थाने आपली व्हायला त्यापलीकडेही बरंच काही लागतं. म्हणूनच हा निवडीपासून रस्त्यापर्यंतचा सगळा प्रवास.

आधी स्वतःला विचारा

रोज किती किलोमीटर फिरणार, हा पहिला प्रश्न. समजा, रूम ते कॉलेज १२ किलोमीटर आहे. म्हणजे दिवसाला २४ आणि महिन्याचे २४ दिवस धरले तर ५७६ किलोमीटर. ६० चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला साडेनऊ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल, ३५ देणाऱ्या गाडीला साडेसोळा लिटर. लिटरमागे १०५ रुपये धरले तरी महिन्याला सातशे रुपयांचा फरक पडतो. मेसच्या बिलाशी तुलना करून बघा, मग कळतं!

दुसरा प्रश्न वजनाचा. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, तर क्लासिक ३५० जवळपास १९५ किलोची. चालताना हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना, चढावर ट्रॅफिकमध्ये थांबताना आणि पावसात पाय घसरताना. त्यामुळे शोरूममध्ये गाडीवर बसून दोन्ही पाय नीट टेकतात का ते बघा. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं मागे-पुढे ढकला. ही टेस्ट रिव्ह्यूच्या व्हिडिओत दिसत नाही, पण रोज द्यावी लागते.

तिसरा प्रश्न ब्रेकचा. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ पर्यंतच्या दुचाकींना निदान सीबीएस बंधनकारक झालं. त्यामुळे सेकंडहँड घेताना गाडी २०१९ च्या आधीची की नंतरची, हे किमतीइतकंच महत्त्वाचं आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएसमुळे चाक लॉक होत नाही, आणि ओल्या रस्त्यावर गाडी ताब्यात राहायला त्याची मोठी मदत होते.

सेकंडहँड बघायला जाताना

गाडी बघायला सकाळी जा आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नकोस’ असं आधीच सांगून ठेवा. गरम इंजिन बरेच आजार लपवतं. थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं का, टकटक आवाज येतो का, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हे बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय आणि मोठा खर्च दारात उभा आहे.

मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. ‘२२२३’ म्हणजे २०२३ च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. किलोमीटर कमी दाखवणाऱ्या गाडीला कोरे टायर असतील, तर आधीचे का बदलले हे विचारायला लाजू नका. हँडल सरळ असताना पुढचं चाकही सरळ दिसतं ना, फूटरेस्ट वाकलेत का, हेही बघा. गाडी पडली असेल तर या जागा सहसा खोटं बोलत नाहीत.

शेवटी चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. एक आकडा जरी जुळला नाही तरी चहा पिऊन घरी या. सौदा करू नका.

‘कागद नंतर करू’ म्हणजे काय?

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. पैसे दिले, चावी घेतली, आरसी खिशात टाकली आणि ‘ट्रान्सफर नंतर करू’ म्हणून विषय संपला. तो ‘नंतर’ कधीच येत नाही. सीनिअर नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो आणि गाडी पुढच्या वर्षी तिसऱ्याकडे जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ भरून आरसीवरचा बोजा आधी उतरवावा लागतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही हवी आणि इथला टॅक्सही भरावा लागतो. स्वस्तात मिळणाऱ्या परराज्यातल्या गाडीचा हिशेब इथेच फिसकटतो.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे तुम्ही पास आउट होऊन दोन वर्षं झाली असतील, गाडीचा रंगही विसरला असाल, पण ट्रान्सफर झालेली नसेल तर कुठल्यातरी अनोळखी मुलाच्या अपघाताची नोटीस तुमच्या घरी येऊ शकते.

घेणाराही सुरक्षित नसतो. विम्यातलं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर ‘ओनर-ड्रायव्हर’साठी असतं आणि त्याची रक्कम आहे १५ लाख रुपये. गाडी तुमच्या नावावर नसेल तर तुम्ही फक्त ड्रायव्हर, ओनर नाही! थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर पुढे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम करायचा तर पॉलिसी तुमच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

थोडक्यात, ट्रान्सफरच्या फीचे पैसे वाचवायला जाऊन दोन घरं अडकतात. विकणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही.

दर रविवारी दहा मिनिटं

गाडी नावावर झाली, आता तिची काळजी. गॅरेजमधले काका सांगतात त्याचं सार असं की, बहुतेक बाइक मोठ्या बिघाडाने नाही तर छोट्या दुर्लक्षाने बंद पडतात. हवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा आणि ती टायर थंड असताना तपासा. चेन सैल झाली का बघा, साफ करून तिला ल्यूब लावा. पावसाळ्यात हे जास्त वेळा करावं लागतं. ब्रेक लाइट लागतो का, हे मागच्या भिंतीवरच्या उजेडात कळतं. ऑइल बदलायची तारीख मोबाइलमध्ये टाका. पीयूसी आणि विम्याचीही टाका. विम्याशिवाय पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये दंड आहे. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवले की चालतात, झेरॉक्सची पिशवी सांभाळायची गरज नाही.

आणि मग रस्ता

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे होते. म्हणजे जवळपास दर दोनातला एक. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा होता ५०,०२९. यात मागे बसलेलेही आले. पुण्यात हेल्मेटसक्तीवर विनोद खूप होतात, पण हे आकडे वाचल्यावर हसू येत नाही.

हेल्मेट घेताना आयएसआय मार्क बघा आणि पट्टा लावून ते डोक्यावर हलवून बघा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर माप बरोबर. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदला. आणि हँडलला लटकवलेलं हेल्मेट फक्त आरसा वाचवतं.

वेगाचं गणित अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद बघितलं की तेवढ्यात ३३ मीटर गेले, डोळे मिटून. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, त्यामुळे पुढचा ब्रेक जास्त काम करतो. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढवत दाबायची सवय रिकाम्या मैदानात लावून घ्या. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं. पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं यांवर ब्रेक नको, गाडी आडवी करणं तर नकोच.

बस किंवा ट्रकच्या मागे असाल तर एक साधा नियम लक्षात ठेवा. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वळणाऱ्या बसच्या डावीकडून घुसणं म्हणजे स्वतःहून भिंतीत शिरणं.

ताम्हिणीला निघालात?

निघण्याआधी मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडा. कारचा मार्ग लावलात तर तो तुम्हाला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर नेऊ शकतो आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक आणि समृद्धी महामार्गावरही आपल्याला प्रवेश नाही. मुंबईला जायचं तर जुना हायवे धरा. घाटात रेंज जाते, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. हँडलवर फोन लावत असाल तर हेही माहीत हवं की मोठ्या इंजिनच्या सततच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. फोन खिशात आणि सूचना कानावर, हे जास्त बरं.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची आयडिया मात्र सोडून द्या. गिअर काढला की इंजिनचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोल जवळजवळ थांबतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, हातातून मात्र गाडी जाते. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. जुनी माणसं सांगतात ते बरोबरच आहे.

आता एक काम आजच करा. परिवहन खात्याच्या वेबसाइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका आणि मालकाचं नाव बघा. तुम्ही रोज चालवता ती गाडी दुसऱ्याच्या नावावर दिसली, तर त्या सीनिअरला फोन लावा. आणि तुम्ही विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर दिसली, तर फोन आणखी लवकर लावा.